हौद्याचं सीमोल्लंघन

खंडेनवमीच्या सकाळी जगदाळ्यांची मोटार, दरवर्षीप्रमाणे, चहूकडून घरी यायला लागली.

सगळ्यांत आधी भोंपू आला. तो भानुमतीच्या धाकट्या दिराच्या, म्हणजे नंदूच्या, सायकलीला लावलेला असे. तेव्हा भोंपूला यायचे कष्ट नव्हते, नंदूला अंथरुणातून उठायचे होते. मग शेजारच्या सखुबाईंनी आपले पाण्याचे हंडे उतरवले आणि त्यांच्याखालची लांब लोखंडी फळी, जी मुळात मोटारीचा फुटबोर्ड होती, ती भानुमतीबरोबर एका टोकाला धरून आणून दिली. अप्पासाहेबांनी दाढी उरकली आणि आपला गोल आरसा पंच्याने पुसून सुनेच्या हातात दिला. भानुमतीने माळ्यावरून बॉनेट खाली घेतलं आणि त्यावर वाळत घातलेले उडदाचे पापड सुपात ओतले. पापड वाळायला इंदूरच्या अख्ख्या छत्रीबाग वस्तीत त्या बॉनेटसारखी जागा नव्हती. वर हलका बाक, खाली हवा.

"बॉनेटला तेल लागलंय," जयसिंगराव म्हणाले.

"पापडाचं आहे. पुसते."

"नको, असू दे. गंज धरणार नाही."

नवऱ्याचा हा स्वभाव भानुमतीला लग्नापासून माहीत होता. घरात कुणी काहीही केलं तरी त्यात मोटारीचा थोडा फायदा त्यांना सापडायचाच.

मोटारीला घरात हौदा म्हणत. संस्थानच्या काळात ती शिकारीची मोटार होती. उघडी, उंच, हत्तीवर बसल्यासारखी बसायची. अप्पासाहेब तेव्हा संस्थानच्या मोटारखान्याचे कारभारी. संस्थान विलीन झालं, मोटारखाना मोडला, आणि निरोपाच्या वेळी कुणी घड्याळ देतात, कुणी शाल देतात, तसा अप्पासाहेबांना हौदा मिळाला. इंजन उघडलेलं, चाकं वेगळी, बाकीचं दोन खटाऱ्यांत भरलेलं. तेव्हापासून जयसिंगराव तो जोडत होते. मधे मध्यभारत झाला, मग मध्यप्रदेश झाला. भोपाळ राजधानी झाली तेव्हा बांधकाम खात्यातलं निम्मं ऑफिस तिकडे गेलं. जयसिंगरावांना कुणी येता का म्हणून विचारलं नाही आणि त्यांनीही जातो का म्हणून कुणाला विचारलं नाही. ऑफिसात ते दिवसभर मान खाली घालून नकाशांच्या नकला काढत आणि घरी आले की मोटारखान्यात शिरून इंजनाशी बोलत. बायकोशीही बोलत, पण इंजनाशी मोकळेपणाने.

मोटारखाना म्हणजे घराची रस्त्याकडची खोली. दोन पाखांचं रुंद दार, दोन्ही अंगांनी उजेड, खाली फरशी. त्या खोलीवर भानुमतीचा डोळा होता. तिच्या पलंगाखाली शिवणाची दोन मशिनं जुन्या लुगड्यांत गुंडाळून ठेवली होती. एक आईचं, एक तिने स्वतः मागून घेतलेलं. आळीतल्या बायकांना ती दरवर्षी सांगायची की यंदा दसऱ्याच्या मुहूर्तावर शिवणाचा वर्ग सुरू करते. बायका दरवर्षी हो म्हणायच्या. यंदा त्यातल्या दोघींनी विचारलंच नव्हतं. ते न विचारणं तिला फार लागलं होतं. यंदा खोली मिळाली नाही तर पुढल्या वर्षी आपण स्वतःच सांगायचं सोडून देऊ, हे तिला आतून कळत होतं.

दहाच्या सुमाराला अन्नपूर्णा भागातून टांगा आला. टांग्यात नणंद इंदुमती, तिचे यजमान लक्ष्मीकांतराव आणि दोघांच्या मधे, दोघांपेक्षा ऐसपैस, मोटारीची मागची बैठक. तिला इंदुमतीने लाल मखमल चढवली होती.

"सांभाळून उतरवा, भिया," इंदुमती टांगेवाल्याला सांगत होती. "माणसं मागून उतरतील."

लक्ष्मीकांतरावांच्या खिशात डॅशबोर्डवरचं घड्याळ होतं. ते बंदच होतं, सव्वादहावर. गिरणीतल्या कचेरीत ते टेबलावर ठेवत. सव्वादहा म्हणजे साहेब यायच्या आधीची वेळ, बघून बरं वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

तर असा हौदा गोळा झाला. चटयांवर मांडला. प्रत्येक तुकड्याला हळदीकुंकू, झेंडूचं फूल; सांगाड्याला हार; समोर पाने, पेचकस, हातोड्या आणि घरातल्या दोन जुन्या तलवारी. वापरातलं वाहन असो की वाहनाचं वाळवण, पूजा सगळ्याची. अप्पासाहेबांनी नारळ फोडला. आता उद्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा नेम. त्यामुळे वर्षातून ज्या एका दिवशी मोटारीचे सगळे भाग घरात असत, नेमक्या त्याच दिवशी पाना उचलायची सोय नसे. संध्याकाळी मंडळी आपापला तुकडा घेऊन घरी जात. उरलेला सांगाडा दसऱ्याला आळीतले लोक ढकलत कोपऱ्यापर्यंत नेत आणि परत आणत. हेच जगदाळ्यांच्या हौद्याचं सीमोल्लंघन. इतकी वर्षं यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नव्हतं.

पूजा झाल्यावर भानुमती स्वयंपाकघरात मटणाच्या वाटणाला बसली. नंदू दाराशी येऊन घुटमळला.

"वहिनी, एक बात सांगतो. भडकू नका."

"भडकायला वेळ नाही मला. सांगा."

"महूचे सोराबजी येऊन राहिलेत. हौदा बघायला. घ्यायचा म्हणताहेत."

वाटण थांबलं. "आज?"

"आजच तर. एकच दिवस गाडी पूर्ण असते ना, भिया."

"मला भाऊ असल्यासारखं भिया म्हणू नका. आणि पूर्ण कुठाय? मांडून ठेवलीय."

"मांडलेली का होईना, आहे तर सगळी. इंदूताईला सांगितलंय, ती आपल्या बाजूने आहे. तिच्या सासरचे हसतात म्हणे, माहेरी मोटार आहे आणि येते टांग्याने. अप्पांना तुम्ही पटवा. दादाला," नंदूने हात उडवला, "दादाला काय, सगळे म्हणतील त्याला तो हो म्हणतो."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच भानुमतीला ते आवडलं नाही. पण पलंगाखालची मशिनं तिला वाटणाच्या पाट्यावर बसल्या बसल्या दिसायला लागली. एक दाराशी, एक खिडकीशी. तिने वाटणात मीठ दोनदा घातलं.

सोराबजी पांढरा कोट घालून आले. महूला फौजी अधिकाऱ्यांना लागेल ते पुरवायचा त्यांचा धंदा होता. त्यांनी दारात बूट काढले, आत पाऊल टाकलं आणि हार घातलेल्या सांगाड्यासमोर उभे राहून हातच जोडले.

"अरे बावा, हे मोटार हाय की देऊळ?"

"दोन्ही," अप्पासाहेब म्हणाले.

सोराबजी चटयांमधून जपून फिरले. वाकले, डोकावले, एका मडगार्डवरून बोट फिरवायला गेले तर जयसिंगराव पटकन म्हणाले, "आज हात नको, पूजा झालीय." सोराबजींनी बोट कोटाच्या खिशात ठेवून दिलं.

"चालते?"

"चालेल," जयसिंगराव म्हणाले.

"कधी?"

"जोडली की."

"इंजन?"

"इंजन दोनदा सुरू केलं होतं मी. इंजनाचं काही नाही. बाकीचं जागेवर नसतं."

सोराबजींना लग्नांच्या वरातींसाठी मोटार हवी होती. महूचे कॅप्टन-मेजर नवरानवरीला घोड्यावर बसवायला तयार नसतात, त्यांना असं काहीतरी लागतं. शिकारीची मोटार वरातीला, हे ऐकून अप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. पण त्याचा अर्थ कुणाला लागला नाही.

"न चालती दिली तरी चालेल," सोराबजी जाताना म्हणाले. "पण पुरी पायजे. हे बैठक, हे भोंपू, हे घड्याळ, आरसा, एक पण चीज कमी नको. दसरा झाला की मी ट्रक पाठवतो. तुम्ही घरात विचार करून निरोप द्या."

ते गेले आणि पानं मांडली गेली. भानुमतीच्या मनात होतं की जेवणं होता होता हो म्हणून होईल. तिने रश्श्याचं पातेलं आणून ठेवलं आणि नंदूकडे बघितलं. नंदूने इंदुमतीकडे बघितलं. इंदुमती भाकरीचा तुकडा बोटांत धरून विचारात पडली होती.

"बैठकही द्यायची का?" ती म्हणाली.

"ताई, बैठक मोटारीचीच आहे," नंदू म्हणाला.

"आहे रे. पण आमच्या घरी कधीपासून आहे. थोरलीचं पाहणं त्या बैठकीवर झालं, मधलीचं झालं, दोन्ही पहिल्या फटक्यात जमली. आता सुमनचं राहिलंय. सुमनचं जमेपर्यंत मी ती बैठक कुणाला देणार नाही."

"मग सोराबजींना बैठकीशिवाय?"

"तो पुरी पाहिजे म्हणतोय ना. मग राहू दे. दादा जोडेल सावकाश. विकायची घाई कसली?"

"मला वाटतं विकावी," लक्ष्मीकांतराव म्हणाले. ते आत्तापर्यंत काही बोलले नव्हते. बायको विकायची म्हणत होती तोवर त्यांना बोलायचं कारण नव्हतं.

"तुमचं घड्याळ जाईल."

लक्ष्मीकांतरावांनी खिसा चाचपला. घड्याळ खिशात नव्हतं, आत चटईवर फूल वाहिलेलं होतं. "घड्याळ बंदच आहे," ते म्हणाले, पण आवाजात मघासारखा जोर राहिला नाही.

"आणि भोंपू?" भानुमतीने नंदूला विचारलं. तो विमा विकायचा. जेल रोडपासून सराफ्यापर्यंत लोक त्याला त्या भोंपूवरून ओळखत. कुणी पळून जायचे, कुणी थांबायचे, पण ओळखायचे सगळे.

नंदूने रस्सा ओरपला. "वहिनी, भोंपूचं मी बघतो काहीतरी. दुसरा आणून लावू. सोराबजीला काय समजणार?"

"त्यांनी भोंपूच आधी बघितला."

"मग थोडं थांबू. एकदम आजच फैसला कशाला?"

भानुमतीने पातेल्यावर झाकण जरा जास्तच आवाज करून ठेवलं. सकाळी तिच्या बाजूने दोघं होती, आता कुणीच नव्हतं, आणि गंमत म्हणजे विरुद्धही कुणी नव्हतं. सगळे सावकाश म्हणत होते. सावकाश म्हणजे आरसा दाढीला, बैठक दिवाणखान्यात, फुटबोर्ड हंड्यांखाली, बॉनेटवर पापड, आणि मशिनं पलंगाखाली.

"विकून टाका," अप्पासाहेब म्हणाले.

सगळे वळले. हौद्याबद्दल अप्पासाहेब असं काही बोलतील असं घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. त्यांच्यासमोर हौद्याला गाडी म्हणायचीसुद्धा चोरी होती.

"अप्पा, तुम्ही म्हणताय?" जयसिंगरावांनी विचारलं.

"मला त्या मोटारीत मळमळायचं."

अप्पासाहेबांनी शांतपणे मटणाची बोटी बाजूला ठेवली.

"शिकारीला जायचो तेव्हा मागे संस्थानचे पाहुणे आणि पुढे मी. मानपूरच्या घाटात दर खेपेला गाडी थांबवायला लावायचो आणि झाडामागे जायचो. पाहुण्यांना वाटायचं मी वाघाचा माग काढतोय. एकाने तर माझं कौतुक वर लिहून कळवलं. त्याच्यावर मला बढती मिळाली. पुढे मोटार मिळाली तीही त्याच्यावरच. नको कसं म्हणणार?"

नंदू पाण्याच्या भांड्याआड हसत होता. इंदुमतीने त्याला कोपराने ढोसलं आणि मग तीच हसली.

जयसिंगराव हसले नाहीत. "मला का नाही सांगितलंत, अप्पा?"

"तू एवढ्या हौसेने करत होतास. म्हटलं, पोराच्या जिवाला काहीतरी आहे. आपण एवढं सोसावं."

"मी तुमच्यासाठी करत होतो."

"माझ्यासाठी?"

"तुम्हाला एकदा त्यात बसवून फिरवून आणायचं होतं."

बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. लक्ष्मीकांतरावांनी तेवढ्यात रस्सा वाढून घेतला.

"म्हणजे ही मोटार कुणालाच नकोय?" इंदुमती म्हणाली.

"हेच तर मी सकाळपासून सांगून राहिलोय," नंदू म्हणाला, जरी तो सकाळपासून हे सांगत नव्हता.

भानुमतीला आता खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. अप्पासाहेबांनीच विका म्हटल्यावर वर कुणाचं काय चालणार. मशिनं निघालीच म्हणायची. पण तिचं लक्ष नवऱ्याच्या हाताकडे गेलं. त्यांनी उचललेला घास परत ताटात ठेवला होता आणि तो बोटाने नीट गोल करत बसले होते.

ह्या माणसाने आजवर तिच्याजवळ काही मागितलं नव्हतं. चहा गार झाला तरी पिऊन टाकायचा. शर्टाचं बटण तुटलं तर टाचणी लावायची. भोपाळचं असंच. तिला कितीदा वाटायचं की ह्यांनी एकदा तरी ताट आपटावं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला हवीय का मोटार?"

"माझं काय."

"माझं काय, असं नाही. अप्पांचं सोडा, माझं सोडा. तुम्हाला हवी की नको?"

जयसिंगरावांनी तो गोल घास एकदा चपटा केला. "हवीय," ते म्हणाले. वाढणाऱ्याला ऐकूही येऊ नये इतक्या हळू मागावं मीठ, तसं.

झालं. तिला ताट आपटलेलं हवं होतं, ते नेमकं तिच्याच खोलीवर आपटलं. भानुमती क्षणभर स्वतःवरच चिडली.

"तर मग प्रश्नच मिटला," इंदुमती हुशारून म्हणाली. "दादाला हवीय, दादा जोडेल. सावकाश. चला, बैठक टांग्यात घालायला घ्या, उन्हं उतरायच्या आत पोचू."

"भोंपू पण काढून घेतो मी, उद्या दोन जणांना गाठायचंय," नंदू उठलाच.

तेव्हा भानुमतीच्या लक्षात आलं की आपण इतकी वर्षं चुकीच्या माणसावर रागावलो. मोटार अडली होती ती ह्या सावकाशमुळे. आणि सावकाश म्हणणाऱ्यांत तिचे स्वतःचे पापडही होते.

ती उठली, हात धुतले, पदराला पुसले आणि मोटारखान्यात जाऊन आतून रस्त्याचं दार लावलं, बाहेर येऊन घरातल्या दाराला कुलूप घातलं. किल्ली कमरेला खोचली.

"वहिनी, माझी बैठक आत आहे," इंदुमती म्हणाली.

"पूजेतलं आहे ते, वन्सं. उद्या उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नसतं."

"मी तर दरवर्षी संध्याकाळी नेते."

"दरवर्षी चुकतं आपलं."

इंदुमतीने बापाकडे बघितलं. अप्पासाहेब धर्मसंकटात सापडले. पण नेम तो नेम. "सूनबाई म्हणते ते बरोबर आहे," ते म्हणाले. "हत्यार हलवत नाहीत तर वाहन तरी कसं हलवणार."

भानुमती नवऱ्याकडे वळली. "उद्या सकाळी सगळं आत असेल. जोडायला किती वेळ लागतो?"

"जोडायला वेळ लागत नाही," जयसिंगराव म्हणाले. ते जरा चाचरत होते, जणू कुणी अंगावर गार पाणी ओतलंय. "सगळ्यांच्या घरून आणायला लागतो."

"आणि जोडलेली मोटार कुठे ठेवायची?"

"म्हणजे?"

"आत की बाहेर?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग बंद दाराकडे. मग, तिला वाटलं, पलंगाच्या दिशेनेही. त्यांना मशिनांचं माहीत होतं. ते कधी बोलले नव्हते एवढंच.

"चालती मोटार बाहेरच शोभते," ते म्हणाले. "खोली तुझी."

दसऱ्याच्या दिवशी जयसिंगरावांना भानुमतीने पहिल्यांदा मोठ्याने बोलताना ऐकलं. "नंदू, पाना. बारीक नाही, तो थोरला. लक्ष्मीकांतराव, मडगार्ड धरा, छातीशी नको, दूर धरा. सखुबाई, त्या फुटबोर्डाचे नट तुमच्या कणगीच्या झाकणाला आहेत, जरा बघता?" आळीतून नट येत होते, बोल्ट येत होते, एक दिवा शाळेतून आला. प्रत्येक तुकडा आपल्या जागी बसायला तयार होता; त्याला कुणी कधी तिथे जा म्हटलं नव्हतं इतकंच. बॉनेट बसलं तेव्हा त्यातून एक पापड निघाला.

टप नव्हता. उन्हात अप्पासाहेबांना उघड्या मोटारीत बसवणार कसं? भानुमतीने पलंगाखालून एक मशीन ओढलं, मोटारखान्याच्या उंबऱ्यावर मांडलं आणि महूच्या फौजी लिलावातून घेतलेल्या तंबूच्या कापडाला शिवण घालायला बसली. कापड जाड, सुई दोनदा मोडली. ती वैतागली, पण तोंडाने काही म्हणाली नाही, कारण रस्त्यावरून जाणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. ज्या दोघींनी यंदा विचारलं नव्हतं त्यातली एक म्हणाली, "वहिनी, एवढं जाड पण शिवतं का हे?"

"शिकलं की शिवतं," भानुमती म्हणाली.

दुपारी, ऊन कलायला आल्यावर, सीमोल्लंघनाला निघायचं ठरलं. अप्पासाहेब फेटा बांधून पुढे बसले. मागे लाल बैठकीवर इंदुमती, भानुमती आणि मधे, सकाळी अन्नपूर्णेहून आलेली सुमन. नंदू भोंपू धरून फुटबोर्डवर. आळीतली माणसं नेहमीप्रमाणे ढकलायला मागे उभी राहिली. लक्ष्मीकांतरावांनी पुढे हँडल मारलं. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्या वेळी हौदा असा खाकरला की समोरची कबुतरं उडाली, आणि मग थरथरत, धूर सोडत, चालायलाच लागला.

ढकलणाऱ्यांची पंचाईत झाली. त्यांना हात काढायचं माहीत नव्हतं. ते मोटारीला हात लावून पळत राहिले. शेवटी मोटारीनेच त्यांना सोडलं.

कोपरा आला. दरवर्षी इथून परत फिरायचं.

"आता मागे घे," अप्पासाहेब म्हणाले.

"मागचा गिअर लागत नाही, अप्पा."

"कधीपासून?"

"माहीत नाही. मागे जायची कधी वेळच आली नव्हती."

गल्ली अशी अरुंद की हौदा वळेना. मग पुढेच जायचं राहिलं. पुढे गेले तर मोठ्या रस्त्यावर सगळं इंदूर दसरा मैदानाकडे निघालेलं. टांगे, सायकली, खांद्यांवर पोरं. त्या गर्दीत शिरल्यावर उभं राहायचीही सोय नव्हती. नंदू भोंपू दाबत होता, लोक बाजूला होत होते, ओळखीचे त्याला बघून नेहमीप्रमाणे पळत होते. कुणीतरी हौद्यालाच नमस्कार केला. जयसिंगराव ताठ बसले होते, दोन्ही हात चाकावर. भानुमतीला मागून त्यांचे फक्त कान दिसत होते. ते लाल झाले होते. ह्या माणसाचे कान असे सुंदर आहेत हे तिला आज दिसलं.

वाटेत अप्पासाहेबांनी लेकाच्या गुडघ्याला हात लावला. मोटार कडेला झाली. अप्पासाहेब उतरले आणि फेटा सांभाळत एका निंबाच्या झाडामागे गेले.

"काय झालं आजोबांना?" सुमनने विचारलं.

"माग काढताहेत," जयसिंगराव म्हणाले, आणि इतकं हसले की चाकावर डोकं टेकलं.

अन्नपूर्णेकडे इंदुमतीच्या दारासमोर येईतो पेट्रोल संपलं. हौदा एक उसासा टाकून अंगणाच्या फाटकात घुसला आणि थांबला तो थांबलाच. इंदुमतीने खाली उतरून बैठकीकडे बघितलं, मग बैठकीभोवती असलेल्या बाकीच्या मोटारीकडे बघितलं.

"राहू दे इथेच," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात सुमनला बघायला येणार आहेत. अंगणातच बसवीन त्यांना."

आपट्याची पानं वाटून बाकीची मंडळी छत्रीबागेत पायी परत आली. नंदू दुसऱ्या दिवशी महूला जाऊन सोराबजींना नाही सांगून आला. सोराबजी रागावले नाहीत म्हणे. एवढंच म्हणाले की मागचा गिअर लागला की मला एकदा बसवा.

मोटारखाना रिकामा झाला. भानुमतीने फरशी तीनदा धुतली. तेलाचे डाग गेले नाहीत, पण ते तिला चालणार होते. मशिनं मांडली, एक दाराशी, एक खिडकीशी. बायकांना सोमवारचा निरोप गेला. न विचारणाऱ्या दोघी धरून सगळ्या हो म्हणाल्या.

शनिवारी ऑफिसातून आल्यावर जयसिंगराव सवयीने मोटारखान्यात शिरले आणि मधोमध उभे राहिले. हात कुठे ठेवावेत त्यांना समजेना. अन्नपूर्णेला ते रविवारी जायचे होते, गिअर बघायला; शनिवार मोकळाच होता. ते खिडकीपाशी गेले, परत दाराशी आले. भानुमतीला ते बघवेना.

"अहो," ती म्हणाली, "तंबूचं कापड शिवल्यापासून ह्या मशीनचा टाका सुटतोय. जरा बघता?"

त्यांचा चेहरा असा उजळला की तिला वाटलं, हे आपण आधीच करायला हवं होतं. ती आत चहा ठेवायला गेली. दूध उतू जाऊ नये म्हणून थोडी थांबली, आलं किसलं, कप पुसले.

ती कप घेऊन परत आली तेव्हा फरशीवर चटई अंथरलेली होती. चटईवर मशीनचं चाक, मशीनचा दांडा, झाकणं, स्प्रिंगा, स्क्रू, सगळं ओळीने मांडलेलं होतं. मशीन म्हणावं असं कुठेच काही उरलं नव्हतं. जयसिंगराव मांडी घालून मधे बसले होते आणि एका बारक्या चक्रीशी हळू आवाजात काहीतरी बोलत होते.

"सोमवारी बायका यायच्यात," भानुमती म्हणाली.

"जोडायला वेळ लागत नाही," ते म्हणाले, वर न बघता. मग वर बघून हसले. चहा घेतला, एक घोट प्याले, आणि कप खाली ठेवला. "साखर कमी आहे."

लग्नापासून पहिल्यांदा. तिने आत जाऊन साखर आणून घातली, ढवळली, कप त्यांच्या हातात दिला. मग खिडकीपाशी गेली, अजून शाबूत असलेलं दुसरं मशीन दोन्ही हातांनी उचललं आणि थेट सखुबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सोमवारी सकाळी परत नेते," ती म्हणाली. "तोवर असू दे तुमच्याकडे."

सखुबाईंनी तिच्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. पाण्याचे दोन्ही हंडे उचलून कोपऱ्यात सरकवले आणि मशीनला भिंतीशी, कायमची म्हणावी अशी, जागा करून दिली.